माही पिन येगळी हाय

"माही पिन येगळी हाय," असं म्हणत ती चार्जरची वायर चार बोटांभोवती गुंडाळायची, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकायची आणि चेन ओढायची. खरं तर तिची पिन आमच्या कोणाच्याच फोनला लागत नव्हती. चार्जर उघड्यावर पडलं असतं तरी कोणी उचललं नसतं. तरी ती चेन ओढायची.

कारंजाच्या बाजारात साड्यांच्या एका दुकानात आम्ही पाच-सहा बाया कामाला होतो. वर गोदामात जेवायची जागा, आणि तिथं भिंतीवर चार्जिंगला विजेचा एकच बोर्ड. जेवणाच्या सुट्टीत त्या बोर्डापुढे काय चालायचं ते मी सांगायला नको. तुमच्याही ऑफिसात तुम्ही ते पाहिलं असेल. "तुहं झालं ना अर्धं, काढ आता, माहा फोन मरून राह्यला!" एकीचा फोन निघायचा, दुसरीचा लागायचा, आणि चार्जर नेमकं कोणाचं हे महिनाभरात कोणालाच आठवायचं नाही.

हिचा फोन मात्र या भानगडीत कधी नसायचा. पुण्याला नोकरी करणाऱ्या भावानं स्वतःचा जुना फोन भाऊबीजेला तिच्या ताटात टाकला होता. महागड्या कंपनीचा, काचेचा एक कोपरा तडकलेला. आम्ही तिला "मालकीणबाई" म्हणून चिडवायचो. शेठच्या फोनपेक्षा हिचा फोन भारी, म्हणायचो. ती नुसती हसायची.

कामात ती आम्हा सगळ्यांच्या पुढे होती. गिऱ्हाईक गादीवर टेकायच्या आत ती साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून उभी. "पाह्याले पैसे नाई लागत, पाहा तं खरं," हे तिचं ठरलेलं. पण एक खोड होती. सासू-सून आल्या की ही सासूला ओलांडून थेट सुनेला विचारायची, "तुले कोणती आवडली व माय?" मग सासूचं तोंड वाकडं, शेठचं त्याहून वाकडं. "पैसे कोण देते ते पाहून बोलत जा," शेठ म्हणायचे. ती मान हलवायची आणि पुढच्या सुनेला पुन्हा तेच विचारायची.

एकदा डबा खाताना मी म्हटलं, "एवढं काय व त्या चार्जरचं कौतुक?" तिनं आधी भाकरीचा तुकडा संपवला.

"तुह्या घरी तुहा फोन लावला तं राह्यते काय लावलेला?" तिनं विचारलं. "आमच्या घरी पयले मोटरीचा फोन. मंग नवऱ्याचा. मंग दोघा देरांचे. मंग आला-गेला पाव्हणा. माहा लावला का कोणीतरी काढे आन आपला लावे. सकाळी पाह्यलं तं बंद. आता कोणी काढत नाई. काढून करतीन काय? त्यायले लागतच नाई ते."

तिचं सासर गावाबाहेर भाजीपाला पिकवणारं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू होते, म्हणून त्या मोटरीच्या फोनचा मान पहिला. त्या भरल्या घरात भांडं, खाट, चप्पल, कोणतीच वस्तू एका बाईची नसते हे मला माहीत आहे. मीही तशाच घरातली. हिला मात्र एक वस्तू सापडली होती.

आणि त्या फोनवर काय होतं? तिची मुलगी. अमरावतीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा, आणि ही साड्यांच्या गठ्ठ्यामागे जाऊन बोलायची. घरात मुलीच्या लग्नाचा विषय निघायला लागला होता. मायलेकींचं ठरलं होतं: शिक्षण पुरं होईपर्यंत लग्न नाही, आणि कोणी काही म्हटलं तरी एकमेकींच्या तोंडून ऐकल्याशिवाय खरं धरायचं नाही. "माह्या तोंडून आयकशीन तंच खरं," हे वाक्य मी गठ्ठ्यामागून कितीदा तरी ऐकलं आहे.

मग ती बातमी आली. दुकानातल्या मुनीमजींनी मोबाईलमध्ये वाचून दाखवली. परदेशात कुठं कायदा झाला, आता साऱ्या कंपन्या एकच पिन देणार, हिची कंपनीसुद्धा. आम्ही टाळ्याच वाजवल्या. एक वायर, साऱ्या घराला पुरे! ही मात्र शांतपणे म्हणाली, "माही कंपनी नाई करत तसं." माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाली.

पुढे तिच्या फोनची बॅटरी फुगली. भावानं या वेळी कोरा फोन पाठवला, त्याच कंपनीचा, चार्जरसकट. तिनं गोदामात आमच्यासमोर खोकं उघडलं. फोनकडे न पाहता आधी वायरचं टोक पाहिलं. तेच टोक होतं, जे आमच्या सगळ्यांकडे होतं.

"आता आली आमच्यात!" कोणीतरी म्हटलं, आणि आम्ही खूप हसलो.

"दगा देल्ला यायनं मले," ती म्हणाली. कंपनीला म्हणाली. आम्हाला तेव्हा तो विनोद वाटला.

घरी ते चार्जर तिच्या हाती पुरती एक संध्याकाळही टिकलं नाही. धाकट्या दिरानं आपल्या फोनला लावलं, मग मळ्यातल्या खोलीवर नेलं. नेमका सासूला ताप आला, म्हणून दोन दिवस ती दुकानातही आली नाही. फोन बंद. तिसऱ्या दिवशी येऊन तिनं माझ्या चार्जरवर फोन लावला आणि मुलीला फोन केला. मुलीनं कट केला. पुन्हा केला, पुन्हा कट.

दोन-चार दिवसांनी ती मला म्हणाली, "पोरीचं जमलं. मुलगा वाशीमचा हाय." तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

"आन शिक्षण?"

"तिनंच हो म्हटलं. बापाच्या फोनवर सांगतलं. मले इचारलं बी नाई व. आता माहा फोन उचलत नाई, तोंड कसं दाखवन?"  त्या दिवशी मलाही त्या मुलीचा राग आला. हिनं तिच्यासाठी घरात एकटीनं सगळ्यांना तोंड दिलं, आणि पोरीनं असं करावं?

बस्ता आमच्याच दुकानात ठरला. म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी दोन्ही घरच्या माणसांनी मिळून एकदाच करायची. हिला त्या दिवशी गादीवर गिऱ्हाईक म्हणून बसायचं होतं, आणि साड्या दाखवायच्या होत्या मी. इकडे हिचा नवरा, दीर, सासू; तिकडे वाशीमचे पाहुणे. मुलगी सकाळच्या गाडीनं अमरावतीहून थेट दुकानातच आलेली. ती आईपासून दूर, खांबाला टेकून बसली. मायलेकी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मी शालू उलगडत होते, चहा फिरत होता, शेठ स्वतः पाहुण्यांना पान देत होते.

होणाऱ्या सासूबाई स्वभावानं बऱ्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "पोरी, तुले कोणती पसंत हाय ते सांग."

"मले कायले इचारता?" मुलगी म्हणाली. "माह्या आईले इचारा. तिनं हो म्हटलं म्हणून तं आली मी."

माझ्या हातातला शालू अर्धा उलगडलेला तसाच राहिला. आईनं मान वर केली.

"म्या कधी हो म्हटलं?"

"बाबांनी सांगतलं. दोन दिवस तुहा फोन लावून राह्यली होती मी, बंद. मंग बाबांले लावला. तं म्हणे तुही आई इथंच हाय, तिचाच हो आला पयले."

"मले सांगतलं, पोरगीनं हो म्हटलं."

दोघींनी हिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला. राग आला असता तर बरं वाटलं असतं, पण तो हसला. पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "बायकायचं असंच असते. म्या हो म्हटलं म्हणजे घरानं हो म्हटलं. काढा वो, पैठणी काढा."

मी या धंद्यात केस पिकवले. बस्त्यात भांडणं पाहिली, रुसवे पाहिले, मानपानावरून उठून गेलेले व्याही पाहिले. पण वीस-बावीस वर्षं सोबत राहिलेल्या माणसानं दोन बायांना एकाच वेळी असं विकलेलं, आणि वर त्यात काही वावगं नाही असं मानलेलं, पहिल्यांदाच पाहिलं. 

ती उठली. गादीवरच्या साऱ्या रंगांमधून चालत खांबापाशी गेली. "माय, म्या हो म्हटलं नव्हतं," एवढंच म्हणाली. मुलगी खाली मान घालून बसली होती. मग पोरीनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, घड्या घाला."

दोघी पायऱ्या उतरून गेल्या. मागून नवरा हाका मारत राहिला. सासूनं शिव्या दिल्या. वाशीमच्या त्या बाई मात्र उठल्या आणि आपल्या माणसांना घेऊन बाहेर पडल्या.

ती पुन्हा दुकानात आली नाही. अमरावतीला मुलीच्या कॉलेजजवळ खोली घेतली आहे, तिथल्याच एका कापड दुकानात लागली आहे. हे मला ठाऊक आहे, कारण दर दोन-तीन दिवसांनी नव्या नंबरवरून तिचा फोन येतो. आमच्याकडे आता सुनेला कोणती आवडली हे कोणी विचारत नाही, आणि विक्री काही वाढलेली नाही.

परवा तिचा नवरा दुकानात आला होता. मांडीवर हात ठेवून गादीच्या कडेला बसला. वाळलेला दिसला. म्हणाला, "बाई, दगा देल्ला तिनं मले. कवा बी लावा, फोन बंदच येते तिचा."

सकाळीच ती माझ्याशी अर्धा तास बोलली होती. मी साडीची घडी घालत म्हटलं, "चार्जिंग नसन, भाऊ. कोणीतरी काढून आपला लावला असन."