तिने बांधलेले रुमाल

सोलापुरात मी वकिली करत असताना घराची बाहेरची खोली हेच माझं ऑफिस होतं. शहाबादी फरशी, एक टेबल, पक्षकारांसाठी बाकडं आणि मातीच्या भिंतीत बसवलेलं लाकडी कपाट. कपाटात प्रत्येक दाव्याचे कागद वेगळ्या तांबड्या रुमालात बांधून ठेवलेले असत.

खोली माझी, पण निगा बायकोची. गिरण्यांची काजळी खिडकीतून यायची, रस्त्याची धूळ दारातून. पाणी शिंपडल्याशिवाय ती केरसुणी लावू देत नसे. पक्षकार तंबाखू थुंकत ते तस्त रोज राखेनं घासून घेई. शनिवारी मी कोर्टातून परते तेव्हा सगळे रुमाल अंगणात उन्हात मांडलेले असत. मी वैतागायचो.

"अगं, कागद इकडचे तिकडे होतील."

"एकही होणार नाही. तुमचा खोकला कशानं थांबला ते सांगा आधी," ती म्हणायची आणि एकेक रुमाल पुन्हा बांधून जागच्या जागी ठेवायची.

एका श्रावणात तिला ताप आला आणि बाराव्या दिवशी ती गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिवस झाले, नातेवाईक आपापल्या गावी गेले. मोलकरीण केरसुणी घेऊन बाहेरच्या खोलीशी आली तेव्हा मी तिला उंबऱ्यावरच थांबवलं.

"हितलं राहू द्यायचं, साहेब?"

"राहू दे. मी बघतो."

मी काहीच बघत नव्हतो. कपाटातल्या रुमालांना तिच्या हातच्या गाठी होत्या. एक सोडली तर ती मला परत तशी बांधता येणार नव्हती, म्हणून मी एकही सोडली नाही. जुन्या दाव्यांना पुढच्या तारखा मागत राहिलो. नवे कागद टेबलावर साठले, मग बाकड्यावर, मग जमिनीवर. काजळी नको म्हणून खिडकी लावून घेतली. खोकला परत आला. डॉक्टर म्हणाले, "आधी ती खोली झाडून घ्या." मी मान डोलावली आणि घरी येऊन त्याच खोलीत बसलो.

असे आठ महिने गेले. मग माढ्याकडचा एक म्हातारा धनगर आला. भावकीच्या जमिनीचा त्याचा दावा आता पुढे ढकलता येत नव्हता आणि त्याचं वाटणीपत्र माझ्याकडे होतं. मी त्याचा रुमाल काढला. तो हाताला फार हलका लागला. वरची गाठ शाबूत होती. सोडली, तर आत ओली माती आणि कागदाचे चार तुकडे. वाळवी भिंतीतून आली होती.

मी रुमाल तसाच त्याच्यापुढे ठेवला. म्हणालो, "बाबा, चूक माझी आहे. कागद नोंदलेला आहे, सरकारातून नक्कल काढता येईल. दावा अडणार नाही."

त्यानं तुकडे बोटानं उलटेपालटे केले. "अंगठा बी गेला म्हना की."

"कोणाचा?"

"थोरल्या भावाचा. त्यो आता न्हाय. त्याचं एवढंच व्हतं माज्यापाशी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं खोलीभर नजर फिरवली. "घरात बाईमानूस न्हाय व्हय?"

"होती."

त्यानं घोंगडी बाकड्यावरच्या कागदांवर ठेवली. मग खिडकी ढकलून उघडली. "आमी मेंढरांचा वाडा सुदिक हालवतो. लई दिस एका जागी बसली की जनावरं खंगत्यात. उटा, उनात काडू समदं."

आम्ही दोघांनी रुमाल अंगणात नेले. गाठी मात्र मीच सोडल्या. पहिल्या दोन-तीन सोडायला फार वेळ लावला. पुढे ऊन चढलं, धुळीनं घसा भरला आणि मी नुसताच काम करत राहिलो. आणखी तीन दाव्यांचे कागद गेले होते. बाकीचे वाचले. संध्याकाळपर्यंत कपाटाच्या भेगांत रॉकेल घातलं, चुन्यानं भिंत लिंपली. म्हातारा हातपाय धुऊन, गूळपाणी घेऊन गेला.

नक्कल मिळाली, निकाल त्याच्या बाजूनं लागला. नक्कल हातात दिली तेव्हा त्यानं अंगठ्याची जागा विचारली. तिथे कारकुनानं नुसतं 'डाव्या हाताचा अंगठा' असं लिहिलं होतं. ते मी वाचून दाखवलं. "बरं," म्हणाला आणि कागद मुंडाशात खोचून निघून गेला.

त्यानंतर खोली मी स्वतःच झाडू लागलो. नवं कपाट भिंतीपासून हातभर लांब, विटांवर उभं केलं. शनिवार कधी चुकवला नाही. माझ्या गाठी ओबडधोबड पडत, पण टिकत. महिन्याभरात खोकला गेला. येणारे पक्षकार ऑफिसचं कौतुक करत. एखादा नवखा तर आतल्या दाराकडे बघून हाक मारी, "वैनी, जरा पाणी द्या की." मग मी उठायचो आणि आत जाऊन तांब्या भरून आणायचो.