हाताला कळणारी भिंत

कोन गावाच्या पुढे जे नवे टॉवर उभे राहिलेत, त्यातल्या एका फ्लॅटमधून फोन आला तेव्हा काम नेहमीचंच वाटलं होतं. मी आणि माझा नवरा पनवेलमध्ये टेक्स्चरची, म्हणजे भिंतींवर दाणा उठवायची कामं घेतो. जिप्सम बोर्डाच्या भिंती आणि छतं असतात, त्यांवर कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीने मसाला, म्हणजे पातळ कालवलेला गिलावा, फवारतो. बंदूक त्याच्या हातात, कालवणं माझ्याकडे. लग्नानंतर काही वर्षं मी साइटवर फक्त डबा घेऊन जायचे. मग आमचा कालवणारा माणूस गावी गेला तो परत आलाच नाही, आणि ड्रिलला लावलेली लोखंडी रवी मी हातात घेतली. घावनाचं पीठ भिजवणाऱ्या बाईला हे काम फार परकं वाटत नाही.

फोन त्या घरच्या सुनेचा होता. ती द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. तिच्या नवऱ्याचे ट्रेलर बंदरावर चालतात. दिवसभर दोघंही बाहेर, घरात फक्त तिचे सासरे. सगळे त्यांना बाबा म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. आम्ही गेलो तेव्हा तिने मोबाइलवर हॉलचे दोन-चार फोटो दाखवले, छताला काय करायचं ते विचारलं. माझा नवरा टेप घेऊन मापं काढू लागला तशी ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली की खरं काम वेगळंच आहे.

बाबांची दृष्टी काचबिंदूने गेलेली. जुन्या घरी त्यांचं अडत नव्हतं. कुठे पोपडा आलाय, कुठे खुंटी आहे, कुठे उंबरा, हे सगळं त्यांच्या हातापायांना पाठ होतं. ते घर बिल्डरला दिलं आणि त्याच्या बदल्यात हा फ्लॅट मिळाला. इथे बोर्डाच्या भिंती, वरून पुट्टी, सगळं गुळगुळीत. पॅसेजमध्ये दारंही सारखीच. संडासात जायचं म्हणून बाबा दोनदा स्वयंपाकघरात शिरले होते. एकदा तर मोलकरीण तिथे भांडी घासत होती. त्यानंतर त्यांनी दुपारचं पाणी पिणंच सोडलं. संध्याकाळी सून घरी येईपर्यंत घोटभरही नाही. हे कुणाला कळलंही नसतं, पण लघवीला जळजळ होऊन ताप आला, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी ते सांगून टाकलं.

बाबांच्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मग पॅसेजमध्ये खिळे मारून दोरी बांधली होती. पहिल्याच दिवशी बाबांनी ती उपटून काढली. बोर्डात खिळा तो काय टिकणार, ढेकळासकट बाहेर आला. ती भोकं अजून दिसत होती.

आम्ही बोलत असतानाच बाबा पॅसेजमधून आले. उंच, काटक माणूस, सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. भिंतीला तळवा न लावता बोटांची मागची बाजू घासत चालत होते. मी दोरीचं विचारायला नको होतं, पण विचारलं.

ते शांतपणे म्हणाले, "दोरी गुरांना बांधतान, बाय. मी ढोर नाय."

सुनेची कल्पना अशी होती की भिंतीलाच काहीतरी करता येईल का, म्हणजे त्यांना धरायला काही लागणार नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ते सजावटीसारखं दिसेल. माझ्या नवऱ्याने लगेच होकार दिला नाही. घरी येताना मोटारसायकल सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाला, "आपण आजवर डोळ्यांसाठी कामं केली. हाताला काय लागेल ते कसं ठरवायचं?"

ठरवायला एकच मार्ग होता. आम्ही बोर्डाचे तुकडे कापले आणि त्यांवर नमुने केले. पहिला नमुना दाणेदार मसाल्याचा. त्यात बारीक खडी असते, बाहेरच्या भिंतींना लावतात. एका कामातला उरला होता, आणि जाणवायला सर्वांत सोपा तोच. बाबांनी त्यावरून बोटं फिरवली, मान हलवली, चांगला आहे म्हणाले आणि हात धोतराच्या सोग्यात लपवला. सुनेने तो बाहेर काढून पाहिला. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलून रक्त आलं होतं. त्यांच्या तळव्यांना घट्टे होते, पण मागची कातडी कागदासारखी पातळ. आम्ही तो तुकडा लगेच खाली नेऊन गाडीला बांधला.

मग खडी नको हे नक्की झालं. पोत्यात येते ती जिप्समची पावडरही मी बाजूला ठेवली. ती पाण्यात कालवली की झरझर घट्ट होते, दगडासारखी बसते आणि नंतर तिच्या कडा घासता येत नाहीत. राहिला बादलीतला तयार मसाला, जो बोर्डाचे सांधे भरायला वापरतात. तो सावकाश सुकतो, मऊ असतो, पॉलिश पेपरने घासला तर कुठे टोक राहत नाही. तो ताकाइतका पातळ करून फवारला तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणा आला. दिसायला छान, पण बाबांना काहीच लागेना. त्याच मसाल्यात पाणी कमी घातलं, बंदुकीचं तोंड मोठं लावलं आणि हवा कमी केली, तेव्हा मोठे थेंब पडले. ते थोडे आवळल्यावर, म्हणजे घट्ट होऊ लागल्यावर, नवऱ्याने वरून रुंद पातं फिरवलं. थेंबांचे शेंडे चपटे झाले आणि भाकरीवरच्या पापुद्र्यासारखे गुळगुळीत उंचवटे राहिले.

बाबांनी त्यावरून हात नेला, परत आणला.

"मिठागरात पानी आटाया लागलं ना, का पायाखाली अशी खपली येते," ते म्हणाले. "टोचत नाय. पन समजतं."

त्यांच्या खोलीपासून संडासाच्या दारापर्यंत तो चपटा दाणा करायचा, आणि स्वयंपाकघराकडची भिंत होती तशी गुळगुळीत ठेवायची, असं ठरलं. सगळ्याला रंग एकच. छताला मुलाला दाणा हवा होता, पण बाबांच्या पलंगाच्या वर मी तो करू दिला नाही. तसला मसाला कधीतरी झडतो.

कामाच्या दिवशी मुलगा घरी थांबला. आधी तो आमच्याशी नीट बोलतच नव्हता. त्याच्या मनाला हे सगळं लागलं होतं, हे मला उशिरा समजलं. बापासाठी त्याने स्वतः दोरी बांधली होती आणि बापाने ती फेकून दिली होती. मी ड्रममध्ये सगळ्या बादल्या एकत्र ओतल्या, कारण वेगवेगळ्या कालवल्या तर एक घट्ट होते, एक पातळ, आणि भिंतीवर तो फरक उमटतो. पाणी थोडं थोडं घालत, रवी सावकाश फिरवत, मग जाळीतून गाळून. तरी व्हायचं ते झालं. पावसाळी दमट हवा, मसाला आवळेना. नवऱ्याने पातं लावलं तसे थेंब चपटे व्हायच्या ऐवजी फरफटले. अर्धी भिंत चिखल तुडवल्यासारखी दिसू लागली.

नवऱ्याने खरवडायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मुलगा उठला, दुसरं पातं घेतलं आणि खालच्या बाजूने खरवडू लागला. भिंत साफ झाल्यावर त्याने दोन पंखे आणून पॅसेजमध्ये लावले, मी मसाला जरासा घट्ट केला आणि पुन्हा फवारलं. या वेळी बोट लावून, मसाला बोटाला चिकटत नाही हे पाहूनच पातं फिरवू दिलं.

सुकायला, घासायला आणि रंगाला आणखी काही दिवस गेले. मग बाबांना बोलावलं. ते त्यांच्या खोलीतून निघाले, बोटं भिंतीवर, पावलं सावध. संडासाच्या दाराजवळ आले आणि थबकले. तिथे फवाऱ्याचे शिंतोडे उडून गुळगुळीत भिंतीवरही थोडा दाणा आला होता. आम्हाला तो दिसलाही नव्हता.

"इथं दोनी मिसळलंय," ते म्हणाले आणि हात मागे घेतला.

नवऱ्याने तिथल्या तिथे दाराच्या कडेला हातभर रुंद पट्टा घासून साफ केला. बाबा पुन्हा खोलीत गेले, पुन्हा निघाले. दाणा संपला तिथे वळले, दार ढकललं, आत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही चौघं पॅसेजमध्ये उभे होतो. सून उगाच मोबाइल पाहू लागली. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि बाबा बाहेर यायच्या आत जिन्याकडे निघून गेला.

सहा-सात महिन्यांनी त्याचाच फोन आला. सुनेने नव्हे, त्याने केलेला. त्या भिंतीवर बोटांची मळकट रेघ उठली होती, त्यावर धुता येणारा रंग हवा होता. शिवाय बाबांना दुपारी गॅलरीत एकट्याने जाऊन बसायचं होतं, तर तिकडची भिंतही करायची होती. आम्ही पोचलो तेव्हा त्याने बाह्या सरसावलेल्या होत्या. पाणी किती, रवी कशी धरायची, हे त्याने मला विचारलं आणि मी बाजूला उभी राहून सांगितलं. बाबा खुर्ची घेऊन जवळच बसले. मसाला झाल्यावर त्यांनी बोट ड्रममध्ये बुडवलं, अंगठ्याने चोळून पाहिलं आणि जरा पाणी घाल म्हणाले. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मसाला तसाही ठीक होता, घोटभर पाण्याने बिघडणार नव्हता. मी मान डोलावली, त्याने पाणी घातलं.

गॅलरीखालून मोठा रस्ता जातो. पुढे कधीतरी सून मला बाजारात भेटली, तेव्हा म्हणाली की बाबा आता दुपारभर तिथेच असतात. ट्रेलरच्या आवाजावरून त्यांना रस्ता चालू आहे की तुंबलाय ते कळतं, आणि तुंबला की ते मुलाला फोन लावून सांगतात, आज गाडी उशिरा काढ.