पॅनलखालचा राब

मे महिन्याची चार तारीख. सोलरचे पॅनल पुसायची पाळी आमच्या घराची होती. ऊन चढायच्या आत हे काम उरकावं लागतं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. बादली, शिडी आणि लांब दांड्याचा फडका घेऊन शेतात गेले, तर पॅनलखाली काटक्या, पालापाचोळा आणि शेण यांचे थर नीट रचलेले. सासूबाई खांबाला टेकून बसलेल्या.

"आत्या, हे काय?"

"काय म्हंजे? राब. उद्या भाजायचा."

आमच्याकडे भाताचं बी टाकण्याआधी तेवढी जमीन असे थर पेटवून भाजून काढतात. तण मरतं, रोप जोमानं येतं. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून याच तुकड्यात राब भाजत होत्या. घरचं सगळं इंद्रायणी भात त्या रोपांवरच उभं राहायचं.

या हिवाळ्यात आठ घरांनी मिळून पॅनल बसवले तेव्हा जागा मी दाखवली होती. बाकीच्या खाचरांत पावसाळाभर पाणी, हा एकच मोठा तुकडा उंच. "लावणी झाली की हा रिकामाच असतो," असंही मी बसवायला आलेल्या माणसाला सांगितलं. मापं घेताना टेपचं दुसरं टोक सासूबाईंनीच धरलं होतं.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"त्यो मानूसच म्हनला न्हवं, खाली तुमची शेती हाय तशी चालू ऱ्हाईल? म्हनून तर खांब एवढं उंच केलं. माजी हितली शेती हीच हाय."

शेती म्हटल्यावर त्या माणसाच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर हळद, आळू असलं काहीतरी होतं. उन्हाळ्यात तिथं काय करता, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मला तर माहीत होतं, पण जागा दाखवताना राब आठवलाच नाही.

"वर वायरी आहेत, आत्या. जाळ लागला तर आठ घरांचा पंप आणि गिरणी बंद."

"दोन दिस काढून ठेव."

"मांडवाची तोरणं आहेत का ती?"

शेजारची गिरणीवाली पंप सुरू करायला आली होती. तिला हसू आवरेना. "मावशी, रोपं काय करंटवर वाढवायचीत?"

"हस. रोप न्हाई तर भात न्हाई. मंग तुजी गिरनी काय वारा दळनार व्हय?"

गिरणीवाली पंपाकडे वळली. सासूबाईंनी मात्र वरच्या वायरींकडे एकदा पाहिलं, मग उठल्या आणि रचलेलं शेण घमेल्यात भरायला लागल्या. एक घमेलं भरून थांबल्या. "ऱ्हाऊ दे. औंदा रोप इकत आनू," म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या. आमच्या घरात कधीच कुणी रोप विकत आणलेलं नाही. मी पॅनल पुसून काढले. दुसरं काय करणार!

संध्याकाळी त्या ओसरीवर बियाण्याची पिशवी उघडून बसल्या होत्या. मूठभर दाणे तळहातावर घेतले, बोटानं चाळवले, परत आत सोडले आणि तोंड बांधून टाकलं. हे बी त्यांनी भाताच्या झोडणीच्या वेळी स्वतः निवडून ठेवलेलं.

तोवर मी सगळी जमीन मनातल्या मनात फिरून आले होते. विहिरीपलीकडे माझा एक वाफा आहे. या घरात सगळंच त्यांच्या हातचं, एवढा वाफा तेवढा माझ्या हातचा. हळद, आळू आणि माझ्या आईनं दिलेला गवती चहा तिथं आहे.

"आत्या, विहिरीपलीकडे उंच आहे. पाणी थांबत नाही. घरापुरतं रोप होईल."

"ते तुजं हाय."

"माहीत आहे."

"आनि तुजी हळद? आळू?"

"त्यांना सावली चालते. पॅनलखाली लावीन."

त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा सोडली, सूप पुढे ओढलं आणि बी पाखडायला बसल्या. मला म्हणाल्या, "च्या टाक. गवती टाक त्यात. उद्या उपटशील तर वाळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाफा मोकळा केला. आळूचे कंद, हळदीचे गड्डे आणि गवती चहाचं बेट मुळांच्या मातीसकट पॅनलखाली नेऊन लावलं. परत येताना तिथल्या राबाचं शेण, काटक्या, पाला सगळं घमेल्यात भरून भाजण्यासाठी वाफ्यावर आणलं. सहा खेपा झाल्या.