म्हशींचं वाक्य

वनिताबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की, हुशार होती, कडावची, एवढं सांगून दुसरंच काही बोलायला लागायचो.

कुठलंही काम करण्याआधी त्याची तालीम करायची तिला सवय होती. तिसऱ्या वर्षाला तिला संख्याशास्त्र हवं होतं. कर्जतच्या आमच्या कॉलेजात तो विषय नव्हता. मुंबईच्या एका कॉलेजात जागा रिकामी होती. तिथे जायचं तर अर्ज, शिक्षकाचं शिफारसपत्र आणि मुलाखत. मी तिचा गणिताचा शिक्षक. तिने मला रिकाम्या वर्गात टेबलामागे बसवलं.

"सर, आता तुमी मुलाखत घेणारे बना. वाईटातले."

"कर्जतला काय बिघडलं तुझं?" मी आवाज चढवला.

"बिघडलं काय नाय. मला पायजे ते इथं शिजतच नाय. उपाशी माणसाला दुसऱ्या पंगतीत का बसलास, असं विचारता का?"

"तिथे असं बोलणार?"

"नाय हो. हे तुमच्यासाठी. तिथं अभ्यासक्रम दाखवणार."

आणि तिने खरंच दोन्ही कॉलेजांचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी मांडले होते. इथलं काय तिथे चालेल, काय राहिलंय, ते सुट्टीत कसं भरून काढणार. अर्जाच्या पहिल्या खर्ड्यात 'इथे कुणी नीट शिकवत नाही' असं होतं, ते मी खोडायला लावलं. "सर सोडून, असं घालू का?" म्हणाली आणि स्वतःच हसली.

घर म्हशींवर चालायचं. पहाटे धारा काढून, दूध घालून ती कॉलेजला यायची. कपड्यांना वैरणीचा वास असायचा, तो तिने कधी लपवला नाही. पण पत्राबद्दल तिची एकच अट होती. "म्हशी त्यात आणू नका, सर. त्यांनी मला घ्यायला पायजे, सांभाळायला नको."

मी हो म्हणालो आणि म्हशी घातल्याच. 'पहाटे म्हशींच्या धारा काढून ही कन्या ज्ञानाची आस धरते.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. तिच्या गणिताबद्दल दोन ओळी लिहिल्या. पाकीट बंद करून तिच्या हातात दिलं.

मुलाखतीहून ती सरळ माझ्याकडे आली.

"सगळा वेळ म्हशींचंच विचारलं, सर. तू इकडं आलीस तर धारा कोण काढणार म्हणाले. अभ्यासक्रम पिशवीतच राहिले."

"त्यांना कुणी सांगितलं असेल?" मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "कळलं असंल कुठून तरी."

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. वनिताने आमच्याकडेच रसायनशास्त्र घेतलं, पास झाली, लग्न होऊन कळंबला गेली. तिथे एका रिसॉर्टच्या ऑफिसात लागली असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

मी निवृत्त व्हायच्या वर्षी ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. "सर, हिला पण कॉलेज बदलायचंय. पत्र द्याल?"

मी कागद ओढला.

"फक्त म्हशी नको," ती म्हणाली. सहज, हसत.

मी त्या मुलीच्या गणिताबद्दलच लिहिलं. वनिताने उभ्या उभ्या सगळं वाचलं. "हां. असं पायजे होतं."

दोघी निघाल्या.

"वनिता," मी हाक मारली.

ती दारात थांबली. वळून बघत राहिली.

"आईला नमस्कार सांग," मी म्हणालो.