पलीकडच्या काकीने काढलेली दृष्ट

पलीकडच्या काकीचं नाव मला कधीच कळलं नाही. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत कुणाचं मूल झोपेत दचकायला लागलं, की तिला बोलावणं जायचं. मुठीत मीठ-मिरच्या घेऊन ती यायची आणि उंबऱ्यातूनच आईबापांची खरडपट्टी काढायची.

माझी धाकटी बहीण नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. आमच्या घरात आम्हा भावंडांआधी कुणी शिकलं नव्हतं, म्हणून वडील रोज संध्याकाळी छडी घेऊन तिचे पाढे घ्यायचे. ती झोपेतही पाढे पुटपुटायची आणि किंचाळून उठायची.

काकीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग छडीकडे. वडिलांना म्हणाली, "तू बस रे पाटावर."

"मी? दचकते ती पोर!"

"दृष्ट तुला लागलीय. गप बस."

त्यांच्यावरून मीठ-मिरच्या उतरवून तिने चुलीत टाकल्या. "म्हैनाभरात पाढे घेतलेस, तर उतरायची नाय."

आई तोंडाला पदर लावून हसली.

कॉलेजच्या होस्टेलच्या खोलीत आता काकी आठवते. तिचा दृष्ट लागण्यावर खरंच विश्वास होता का, मला सांगता येत नाही.

दृष्ट काढली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी बहीण सवयीने वडिलांपुढे अंग चोरून उभी राहिली. त्यांनी तिला मांडीवर ओढलं.

"आज नको गो," ते हळूच म्हणाले, "काकी वरडंल."