उंदरांचं शेवाळ आईनं खाल्लं तेव्हा

सुलभाबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते हिंगोलीच्या कॉलेजात, आणि मी दारातच थिजले. आमच्या कुरुंदा गावात उंदीर दिसला की आधी काठी शोधतात. इथं या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरांना प्रेमानं खाऊ घालत होत्या. तेही काय? कोकणातून मागवलेलं, वाळवून कुटलेलं समुद्रातलं शेवाळ! ते खाल्ल्यानं उंदरांच्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठी हळू वाढतात का, हे बाई तपासत होत्या. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट.

पुढे उंदरांचं खाणं करायला बाईंनी माझ्या आईलाच कामावर ठेवलं. सांडगे घालावेत तशा गोळ्या आई घालायची. एक परात शेवाळाची, एक तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांची, बिनशेवाळाची. परातींची गल्लत झाली तर बाई सगळं पीठ टाकून देत आणि स्वतः पुन्हा मळायला बसत. मात्र आईला चहा दिल्याशिवाय त्या कधी चहा प्यायल्या नाहीत.

एकदा शेवाळाच्या गोळ्या कमी भरायला लागल्या. बाई आणि मी उंदीरघरात गेलो, तर आई गोळी तोंडात टाकत होती!

"आगं माय, उंदराचं काहून खायलीस?" मी ओरडलेच.

आईनं हातातली दुसरी गोळी परातीत ठेवली. "शेवाळवाल्या उंदरांच्या गाठी कमी वाढून राहिल्या, म्या रोज बघते. मला बी हाय गाठ. लई दिवसांची."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पोटच्या पोरीलाही लाजेपायी सांगितलं नव्हतं! बाईंनी लगेच किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि आम्हाला घेऊन नांदेडची एसटी धरली.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर आई हटून बसली. "कापू न्हाई द्यायची मी. बाई, तुमच्या शेवाळानंच बरी होईन."

ज्या शेवाळापायी बाईंनी सणवार पाहिले नव्हते, त्याबद्दल त्या डॉक्टरांदेखत म्हणाल्या, "गंगाबाई, माझ्या शेवाळावर अजून माझाच भरवसा नाही. उंदरांचंच मला नीट उमगलेलं नाही. तुमच्या जिवावर प्रयोग मी करणार नाही."

स्वतःच्या कामाबद्दल असं कोण बोलतं हो? मग आई म्हणाली, "कापताना तुमी बाहेर बसता का?"

"बसते."

ऑपरेशन होईपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. परतल्यावर त्यांनी त्या खेपेचा सगळा प्रयोगच रद्द केला. निकाल चांगला दिसत होता, पण उंदरांना ठरलेलं खाणं मिळालं नव्हतं. आम्ही विद्यार्थी हळहळलो. "पुन्हा करू," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तो पुन्हा केला. शेवाळाचा गुण येतो का, असं आजही कुणी विचारलं तर "नक्की सांगता येत नाही" हेच त्यांचं उत्तर असतं.

आता बाईंची साठी. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं मी या गौरवलेखात लिहायला घेतलं, तर शेजारी बसून शेंगा सोलणारी आई म्हणाली, "पोरी, येवढं मोठं काहून लिहितीस? बाईला म्हणावं, मी हाय अजून. तुमाला बी ऱ्हावंच लागंल."