उसाचे डोळे

कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत ती आठवडाभर शेतीचे पाठ घ्यायला आली होती. बी.एड.ची विद्यार्थिनी, गगनबावड्याकडची, भाताच्या मुलखातली. मी शाळेचा क्लार्क. रोज सकाळी ती धावतच अवजारांच्या खोलीची किल्ली मागायला यायची. "द्या की लवकर, ऊन चढतंय." किल्ली हातात पडेपर्यंत तिचा पाय काही ठरत नसे.

शनिवारी शाळेमागच्या रानात शेवटचा पाठ होता, ऊस लावणीचा. गुण देणारे परीक्षक बांधावर वही घेऊन बसले होते. कोंब फुटतो ते दोन-दोन डोळे असलेल्या कांड्या मुलांनी सरीत मांडल्या, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, एक डोळा वर केला की दुसरा खाली जातोय. डोळं बाजूला पायजेत."

परीक्षकांनी मान वर केली. किल्ली परत न्यायला आलेलो मी तिथंच थांबलो.

"व्हय की," ती हसली. "माझंच चुकलं. चला, परत लावूया." पदर खोचून ती सरीत उतरली आणि मुलांबरोबर कांडी न् कांडी फिरवली.

तिला किती गुण पडले ते मला कळलं नाही. पण कोंब फुटले त्या सकाळी मी टाइपरायटर सोडून उठलो आणि चपला हातात घेऊन सरीपर्यंत गेलो.